उद्या केली तर चालेल?

"उद्या केली तर चालेल?" असं ती बोलून गेली, आणि बोलल्याक्षणी तिच्या कानशिलांपासून मानेपर्यंत सगळं गरम झालं. शिंपी कपडे उद्यावर ढकलतो तशी तिने प्रार्थना उद्यावर ढकलली होती, आणि तीही कुणी न मागता आपणच आपल्या तोंडाने देऊ केलेली. मॅडम बॅगेची चेन लावता लावता थांबल्या. नीट ऐकू न आल्यासारखा त्यांनी उजवा कान तिच्याकडे वळवला आणि मग हसायला लागल्या. "का गं? आज वरच्या साहेबांची अपॉइंटमेंट मिळत नाही का?" ती काहीतरी पुटपुटली, ते तिचं तिलाच समजलं नाही. मॅडम म्हणाल्या, "बरं, उद्या. पेशंट यायच्या आत. मी लवकर येते, तूही ये." आणि त्या निघूनही गेल्या. दार लागलं, बाहेर गाडी सुरू झाली, आणि ती मागच्या खोलीत मशीनसमोर तशीच बसून राहिली. गंमत म्हणजे आपल्याला हसू येतंय हे तिला काचेत दिसलं.

झालं होतं ते एवढंच. शेवटचा पेशंट गेल्यावर मॅडम मागे आल्या आणि म्हणाल्या, मला बसव आत. मॅडम म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टर, दवाखाना त्यांचाच. ती त्यांच्याकडे लोकांच्या ऐकण्याची तपासणी करायची. कपाटाहून जरा मोठी, स्पंज लावलेली, आवाजबंद खोली. आत एक खुर्ची, मध्ये जाड काच, काचेच्या अलीकडे तिचं मशीन. पेशंटने कानावर हेडफोन चढवायचे, हातात बटण धरायचं, बारीकसा सूर ऐकू आला की बटण दाबायचं. दाबलं की मशीनवर हिरवा दिवा लागतो. तिला वाटलं, मॅडमना मशीन तपासायचं असेल. उजवा कान सुरू केला आणि दिवा असा पटापट लागत गेला की तिला कौतुक वाटलं, या वयात असा कान. मग डावा. तिने सूर सोडला. दिवा नाही. आवाज वाढवला. नाही. आणखी वाढवला, सूर बदलला, जाडा घेतला, बारीक घेतला. कारखान्यात आयुष्य काढलेले म्हातारेही जिथे दचकून बटण दाबतात तिथपर्यंत ती गेली. दिवा काही लागला नाही. पेशंटला आपला चेहरा वाचू द्यायचा नाही, हे तिला मॅडमनीच शिकवलं होतं, म्हणून खुर्चीही काचेला आडवी ठेवलेली असते. पण आज मॅडमनीच मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा त्यांच्या तालमीत पहिल्यांदाच नापास झाला. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, काल सकाळी फोन आला, मी आपली हॅलो हॅलो करत बसले, म्हटलं समोरचा माणूस बोलत का नाही. मग फोन या कानाला घेतला तर तो बिचारा कधीचा बोलतोय. कालच त्यांनी ओळखीच्या डॉक्टरांकडून गोळ्या सुरू केल्या होत्या. असा एकाएकी गेलेला कान कधी परत येतो, कधी येत नाही, हे त्या दोघींनाही सारखंच ठाऊक होतं. त्यामुळे धीर द्यायला काही शिल्लकच नव्हतं. आणि त्या रिकाम्या जागेत तिच्या तोंडून ते वाक्य निघालं. मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन, मॅडम.

हे वाक्य त्यांच्या चर्चच्या मंडळीत 'येते हं' म्हणावं इतकं सहज म्हटलं जायचं. उपासना संपली, चपला सापडल्या, की दारात एकमेकांना हेच सांगायचं. प्रार्थनेत आठवण ठेवा. हो हो, ठेवते ना. कुणाचा गुडघा, कुणाची परीक्षा, कुणाच्या जावयाची नोकरी. ती आठवण ठेवण्याचा प्रयत्न करायची, अगदीच नाही असं नाही, पण रात्री डोळे मिटायला लागले की सगळ्यांची एकच मोट बांधायची. प्रभू, ज्यांना ज्यांना मी सांगितलंय त्या सगळ्यांचं बघ, तुला माहीत आहेत. तो बघत असणार, कारण बरेचसे गुडघे बरे झाले होते. आजवर एकानेही असं म्हटलं नव्हतं, की मग कर ना, आत्ता कर, मी इथेच उभी आहे. मॅडमनी म्हटलं. मॅडमनी, ज्यांचा कशावरच विश्वास नव्हता, ज्या वीज गेली की तिला सांगायच्या, तुझ्या साहेबांना एक फोन लाव. त्या म्हणाल्या, "कर. आत्ता कर. मला बघायचंय कशी करतात." चेष्टा असेल म्हणून तिने पाहिलं, तर चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. नुसतं वाट पाहणं होतं.

रस्त्यावर आली तेव्हा दुकानांचे दिवे लागत होते आणि तिला कधी नव्हे ते सगळे आवाज वेगवेगळे ऐकू येत होते. पाटीवर हातोडी मारणारा माणूस, कुणाच्या तरी किल्ल्यांचा जुडगा, लहान मुलीच्या फाटक्या बुटांची फटफट. रोज ती बसने जायची, आज तिला बसवेना. चालत सुटली, तेही इतक्या भराभर की एका म्हातारबुवांनी बाजूला होऊन वाट दिली. भीती वाटत होती, हे उघड होतं. पण भीतीने असं पायात बळ येत नाही. हे दुसरंच काहीतरी होतं, परीक्षेला जाताना पेपर आपल्याला येतोय अशी एकदम खात्री वाटावी तसलं, आणि पेपर तर तिला येत नव्हता. आपल्याला विचारलं गेलंय, हे तिच्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं. सव्वीस वर्षांची झाले, लहानपणापासून देवाच्या घरात उठले-बसले, गायले, खुर्च्या लावल्या, सतरंज्या झटकल्या, आणि आज पहिल्यांदा मला कुणीतरी असं विचारलं की जणू ते खरंच आहे. आणि मी काय म्हणाले? उद्या केली तर चालेल? ती भर रस्त्यात एकटीच हसली, आणि पानाच्या टपरीपाशी उभ्या असलेल्या दोघांनी वळून पाहिलं, तर त्यांच्याकडे बघूनही हसली.

कारण खरी अडचण कुणालाच माहीत नव्हती. म्हणजे मॅडमना माहीत नव्हती, मंडळीत सगळ्यांना होती. तिला मोठ्याने प्रार्थना करता येत नसे. तरुण संघात शुक्रवारी सगळे गोल करून उभे राहतात, हातात हात धरतात, डोळे मिटतात आणि एकेकजण प्रार्थना करतो. ज्याला करायची नसेल त्याने पुढच्याचा हात हलकेच दाबायचा, की पाळी पुढे सरकते. ही सवलत लाजाळू पाहुण्यांसाठी होती. ती मात्र गेली कित्येक वर्षं दर शुक्रवारी हात दाबत आली होती, अगदी नेमाने. तिच्या डावीकडे उभं राहणाऱ्याला आपली पाळी एक नंबर आधीच येणार हे ठरलेलंच असायचं. धाकट्या भावाने तिचं नाव कंडक्टर ठेवलं होतं. पुढे चला, पुढे चला. पप्पा बस चालवायचे, त्यामुळे भाऊ म्हणायचा, घरात ड्रायव्हर होताच, देवाने कंडक्टरही दिला. तीही हसायची. हात दाबताना तिला खरोखर वाटायचं, आपण काही चोरी करत नाही, आपलं आतल्या आत चालू आहे. पण आतल्या आत तेव्हा काय चालू असायचं ते तिलाच ठाऊक. हात दाबून झाला की सुटल्यासारखं वाटायचं, आणि आज रात्री जेवायला काय असेल याचा विचार सुरू व्हायचा.

आणि याला कारण आत्याचे पाय. ती आठ वर्षांची असेल, घरात प्रार्थना सभा होती, सगळे गुडघे टेकून बसलेले आणि पाळकसाहेबांची प्रार्थना लांबलेली. साऱ्या जगातले राजे, अधिकारी, तुरुंगातले कैदी, समुद्रावरचे खलाशी, कुणालाही ते सोडत नव्हते. शेजारी आत्या हळूहळू कण्हत होती, पायाला मुंग्या आल्यात गं बाई. मग पाळकसाहेब खलाशांनंतर थांबले आणि म्हणाले, आता लहान मुलांपैकी कुणी. तिने डोळे घट्ट मिटले आणि अगदी मनापासून म्हणाली, प्रभू, आत्याच्या पायाला मुंग्या आल्यात, तर आता हे संपव, आमेन. खोलीभर हशा पिकला. पाळकसाहेब स्वतः सगळ्यात मोठ्याने हसले. त्यांनी तिला उचलून घेतलं. कुणी रागावलं असतं तर ती रडून मोकळी झाली असती, पण सगळे इतक्या प्रेमाने हसले, आणि ती गोष्ट पुढे लग्नांत, बारशांत, कुणाच्याही घरी चहाला गेलं की इतक्या प्रेमाने सांगितली गेली, की तिला त्या गोष्टीवर रागावण्याची सोयच राहिली नाही. तिला फक्त एवढं समजलं की आपण देवाशी बोलत होतो आणि ते इतरांना ऐकू जात होतं. त्या दिवसापासून तिचा आवाज आत गेला. आता आत्या नाही, पाळकसाहेब दुसरे आले, पण आवाज तिथेच बसून आहे. आज चालताना तिला वाटलं, तो उठून उभा राहिलाय.

घराच्या कोपऱ्यावर वळता वळता तिने स्वतःला पकडलं. ती मनातल्या मनात रविवारच्या उपासनेत पोचली होती. मॅडम पहिल्या बाकावर, डावा कान उघडलेला, उभं राहून साक्ष देतायत, या मुलीने माझ्यासाठी प्रार्थना केली. आणि ती स्वतः मागच्या बाकावर नम्रपणे खाली बघत बसलीय. अगदी फोटोला बसावं तशी नम्र. शी, असं ती मोठ्याने म्हणाली. कान मॅडमचा, देव देवाचा, आणि मिरवते कोण तर मी. मग लगेच दुसरी बाजू. समजा कान नाहीच आला. मॅडम काही बोलणार नाहीत, पण वीज गेली तरी पुन्हा साहेबांना फोन लाव म्हणणार नाहीत, आणि ते गप्प बसणं तिला सोसवणार नाही. देवाची अब्रू अशी आपल्या हातात यावी आणि आपण नेमकं हात दाबून पुढे सरकवणारे. आणि आला तर गोळ्यांनी आला की प्रार्थनेने, हे कोण सांगणार? तिला गोळ्या काय करतात ते माहीत होतं, त्यांच्याशी तिचं भांडण नव्हतं. मागायचं तरी काय मग? कान? धीर? ती कान म्हणताच तिच्यातली तपासणारी बाई भुवया उंचावत होती, आणि धीर म्हणताच तिच्यातली आठ वर्षांची मुलगी म्हणत होती, अगं पण त्यांना कान हवाय. या दोघींचं भांडण जिन्यापर्यंत चाललं आणि तिला ते भांडण फार आवडलं. इतक्या जोराने देवाचा विचार तिने कधी केला नव्हता.

आईला सांगायचं नाही, हे तिने जिन्यातच ठरवलं. आईला सांगितलं असतं तर उद्या सकाळी दवाखान्याच्या दारात आई आणि आईच्या मागे अख्खं महिला मंडळ, डोक्यावर पदर घेऊन. आई प्रार्थना करण्यात पट्टीची होती. तिची प्रार्थना सुरू झाली की ताटातल्या जेवणाची वाफ थांबायची आणि पप्पा एक डोळा किलकिला करून आमटीकडे बघायचे. पण काय शब्द असायचे. हे सर्वसमर्थ, दयाळू, स्वर्गीय पित्या, आम्ही धूळमाती, आमची योग्यता नाही, तरी तुझ्या चरणांशी येतो. त्यात एक लय होती, चढायची, वळायची, आणि योग्य जागी मोडायची. ती ऐकून ऐकून तिला सगळी पाठ झाली होती. त्या संध्याकाळी आईने जेवणावर आशीर्वाद मागितला तेव्हा ती प्रत्येक शब्द तोंडातल्या तोंडात तोलत होती, एखादं नवं कापड हाताळून बघावं तशी. भाऊ तिच्याकडे टक लावून बघत होता. आमेन झाल्याबरोबर म्हणाला, हिचे गाल बघा, कंडक्टरला कुणीतरी भेटलेला दिसतोय. आई एकदम सरळ बसली. कोण, कुठला, आपल्यातला आहे का? ती इतकी खळखळून हसली की आईचा संशय पक्का झाला. जेवण होईपर्यंत तिला तीन मुलांची नावं-गावं विचारण्यात आली, त्यातला एक तर गेल्याच महिन्यात लग्न झालेला होता.

जेवण झाल्यावर पप्पा बाल्कनीत मटार सोलत बसले, आणि ती त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि शेंगा सोलायला लागली. बस सोडल्यापासून पप्पांचे हात रिकामे राहत नसत. तिने नाव-गाव न घेता सांगितलं, की एकीने मला तिच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करायला सांगितलीय, आणि शब्द सापडत नाहीत. पप्पांनी एक शेंग सोलून दाणे भांड्यात टाकले. म्हणाले, "मग आईचे घे. तिच्याकडे उरलेत पुष्कळ." ती हसली तसे तेही हसले. मग म्हणाले, सुरुवातीला सगळे उसनेच घेतात. मी गाडी शिकलो ना, तेव्हा माझ्या उस्तादासारखाच खोकायचो गिअर टाकताना. दोन वर्षं खोकत होतो. मला वाटायचं, गाडी त्यानेच चालते. तिने विचारलं, मग पप्पा, तुम्ही का नाही करत मोठ्याने? पप्पांनी टरफलं एका बाजूला सारली. "मला कुणी विचारलं नाही," ते म्हणाले. "तुला विचारलंय." आणि भांडं घेऊन आत गेले.

सकाळी ती सूर्याच्या बरोबरीने उठली आणि अंघोळ करताना नळाखाली आईचे शब्द म्हणून पाहिले. पाण्यात ते छान वाटले. हे सर्वसमर्थ. बाहेर आरशासमोर तेच म्हटलं तर वाटलं, नाटकातल्या राणीने ओवाळणी मागावी. तरी पायांतलं बळ कालचंच होतं. रस्ता धुतला जात होता, दुधाच्या गाड्या परत चालल्या होत्या, आणि तिला प्रत्येक माणसाला सांगावंसं वाटत होतं, की मी आज एके ठिकाणी चाललेय, तुम्हाला कल्पना नाही मी कुठे चाललेय. चौकात एक बाई बसची चौकशी करत होती, तिला तिने बस तर सांगितलीच, वर तिची पिशवीही उचलून दिली. ती बाई चांगलं होईल तुझं म्हणाली. तिने ते लगेच जपून ठेवलं, आज कुणाचंही काहीही चालणार होतं.

मॅडम आधीच आल्या होत्या. केस नीट विंचरलेले, पण डोळ्यांखाली न झोपल्याचं काळं होतं. आधी तपासून घेऊ, त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन स्वतःच हेडफोन चढवून बसल्या. तिने उजव्या कानात तो सरसर आवाज सोडला. एका कानाची तपासणी करताना दुसऱ्या, चांगल्या कानाने मध्ये लुडबुड करू नये म्हणून त्याला असा गुंतवून ठेवावा लागतो. मग डाव्यात एकेक सूर पाठवला. दिवा लागला नाही. कालच्याइतकंच काही नाही, कालच्याइतकाच अंधार. शेवटच्या सुराला तिने जरा जास्तच वेळ दिला. मग तिला दिसलं की तिचा हात मायक्रोफोनच्या बटणावर गेलाय. पेशंटला सूचना द्यायला तो असतो, आता दुसरा कान, आता बटण सोडा. उजवीकडे सरसर चालू होती. डावीकडे तिचा आवाज जाईल आणि तिथे कुणी नसेल. म्हणजे तिला बोलता येईल. मोठ्याने, मॅडमसमोर, मॅडमच्या कानात, आणि तरी कुणालाही ऐकू जाणार नाही. ही युक्ती तिला इतकी एकदम सुचली की तिला वाटलं, ती देवानेच सुचवली असणार.

"हे सर्वसमर्थ, दयाळू, स्वर्गीय पित्या," ती म्हणाली, आणि त्या लहानशा खोलीत स्वतःचा आवाज ऐकून तिच्या अंगावर काटा आला. तो आईचा आवाज नव्हता. जरा जाडा होता, सकाळचा होता, पण उभा राहत होता. आम्ही धूळमाती. आमची योग्यता नाही. शब्द एकामागून एक आपोआप आले, पुढचा शब्द मागच्याचा हात धरून, आणि ती त्यांच्या मागे धावू लागली. तुझी ही लेक तुझ्यापुढे आहे, तिच्याकडे कृपादृष्टीने बघ. मग अर्ध्यात ती अडली. आई इथे काय म्हणते? रोग्यांसाठी आई काहीतरी म्हणते, एक सुंदर वाक्य आहे, ते गेलं. तोंड उघडं राहिलं. आणि तेवढ्यात हिरवा दिवा लागला. लागला, आणि विझला. तिने सूर सोडलेलाच नव्हता. मशीनमधून त्या कानात आत्ता फक्त एक गोष्ट जात होती, आणि ती म्हणजे ती स्वतः. तिच्या पोटात एकदम कुणीतरी उचलल्यासारखं झालं. तिने म्हटलं, प्रभू, कान उघड, आणि दिवा पुन्हा लागला. आता शब्द आईचे की कुणाचे याची शुद्ध राहिली नाही. ती बोलत गेली, रडत गेली, हसतही होती बहुतेक, चष्म्यावर वाफ आली, आणि जिथे जिथे तिचा श्वास अडकला तिथे तिथे तो लहानसा हिरवा दिवा लागत गेला. येशूच्या नावाने मागते, आमेन, असं म्हणून ती उठली ती खुर्ची पाडूनच, आणि तिने ते जाड दार दोन्ही हातांनी ओढलं.

मॅडमनी हेडफोन काढून गळ्यात अडकवले होते. "ऐकू आलं," ती म्हणाली. ते तिला विचारायचं होतं, पण तोंडातून सांगितल्यासारखं आलं. मॅडमनी मान हलवली.

"काही नाही आलं. एक शब्दसुद्धा नाही."

"मग दिवा? बटण?"

"मान वळवून तुझ्याकडेच बघत होते. तू मध्येच अडलीस. तोंड एवढंसं झालं तुझं. म्हटलं, आता थांबणार ही. म्हणून दाबलं." त्या जरा थांबल्या. "मग दर वेळेला दाबलं."

ती दाराला धरून उभी राहिली. पोटातून जे वर उचललं गेलं होतं ते आता पडणार, असं तिला वाटलं, आणि ते पडण्याची ती वाट बघत राहिली. पडलं नाही. मॅडम हेडफोनच्या वायरशी चाळा करत होत्या. एवढ्या तिखट बाई, मोठमोठ्या लोकांना नीट श्वास घ्यायला सांगून गप्प करणाऱ्या, त्या शाळेतल्या मुलीसारख्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. "उजव्या कानात सरसर सोडलीस आणि डाव्यात देव," त्या म्हणाल्या. "हे काही मी शिकवलं नव्हतं तुला." तिला लाज वाटली. अशी लाज की ती लपवायचंही सुचलं नाही, आणि तिच्या मागून, कसं कुणास ठाऊक, कालपासूनचा तो आनंद पुन्हा वर आला, आधीपेक्षाही मोठा. कारण ही बाई बटण दाबत होती. काही ऐकू येत नसताना, काही पटत नसताना, मी थांबू नये म्हणून.

बाहेर शटर वर सरकल्याचा आवाज आला. रिसेप्शनवरच्या ताई आल्या, पाठोपाठ कुणीतरी खोकत आलं, बाकडं ओढलं गेलं. दार उघडंच होतं. मॅडमनी तिकडे पाहिलंही नाही.

"माझा नाही विश्वास, ते राहू दे," त्या म्हणाल्या. "बरं वाटेल का नाही, तेही राहू दे, ते मी बघीन. पण एवढं वय झालं, माझ्यासाठी कुणी काही मागितलेलं मी कधी ऐकलं नाही गं. ते ऐकायचंय मला." आणि त्यांनी केस मागे सारून उजवा कान तिच्याकडे केला. "हा आहे अजून. यात सांग."

आत दोघींना जागा नव्हती. ती खुर्चीपाशी खालीच बसली, एक गुडघा दाराबाहेर. आईचे शब्द शोधले तर ते सगळे डाव्या कानात खर्च होऊन गेले होते, एक उरला नव्हता. कान इतका जवळ होता की त्याच्या पाळीवरचं बुजत आलेलं भोक दिसत होतं. बाहेर ताई कुणाला तरी नंबर सांगत होत्या. तिने तोंड उघडलं तेव्हा काय निघेल हे तिला माहीत नव्हतं, आणि त्याची तिला आता भीतीही राहिली नव्हती.

"प्रभू," ती म्हणाली, "ह्या आमच्या मॅडम. ह्यांना भीती वाटतेय."

मॅडमनी डोळे मिटले आणि मान हलवली, बरोबर आहे म्हणून, आणि ती पुढे बोलू लागली.